'खेळत बसू नकोस' म्हणण्याआधी

नवरात्रात आमच्या बिल्डिंगमध्ये भोंडला होता. गाणी झाली, खिरापत ओळखून झाली आणि मग नेहमीसारख्या गप्पा रंगल्या. विषय निघाला मोबाइलवरच्या गेमचा. "बरं झालं बाई, सरकारनेच बंदी घातली. आता तरी पोरं अभ्यासाला बसतील!" एकजण म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "बंदी सगळ्या खेळांवर नाही हो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे." "तेच ते!" असं म्हणून तिने विषय संपवला.

तेच ते नाही, मैत्रिणींनो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याच्या नावात 'नियमन'च्या आधी 'प्रोत्साहन' हा शब्द आहे. पैशांचे खेळ बंद करायचे आणि करमणुकीच्या, शिक्षणाच्या खेळांना उत्तेजन द्यायचं, असं त्यात दोन्ही आहे. पेपरात मथळा आला तो फक्त बंदीचा. त्यामुळे घरोघरी आयांच्या हाती आयतं कोलीत मिळालं, 'बघ, सरकारपण म्हणतंय, खेळत बसू नकोस!' आणि हे आपण म्हणतोय कुठे? तर भोंडल्यात. फेर धरून, खिरापत ओळखण्याचा खेळ खेळून झाल्यावर!

मला हा विषय जवळचा आहे, म्हणून आज त्यावरच लिहिते.

मी राहते ट्रॉम्बेला. मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन इथे आले, संसारात रमले. मुलं मोठी झाल्यावर आठवड्यातून दोन दुपारी चिता कॅम्पमधल्या मुलींचा वर्ग घ्यायला लागले. सातवी ते दहावीच्या मुली. काही मराठी बोलणाऱ्या, बऱ्याच हिंदी-उर्दू, काही घरी तमिळ बोलणाऱ्या. मला त्या 'आंटी' म्हणतात. एकदोघी 'मावशी' म्हणतात, तेव्हा जरा बरं वाटतं.

आमच्या या भागाची गंमत सांगते. सायनहून ट्रॉम्बेला येणारा रस्ता म्हणजे वि. ना. पुरव मार्ग. या एका रस्त्यावर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. पुढे टेकडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आशियातल्या सुरुवातीच्या अणुभट्ट्यांपैकी एक, 'अप्सरा', १९५६ मध्ये इथेच सुरू झाली. आपल्याला सलाइन लावतात, ऑपरेशन होतं, तेव्हा लागणारं कितीतरी साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. ते काम ट्रॉम्बेच्या 'आयसोमेड'मध्ये १९७४ पासून सुरू झालं. एवढी विद्या एका रस्त्यावर!

आणि त्याच रस्त्याच्या टोकाला चिता कॅम्प. ही वस्ती वसली मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात. अणुसंशोधन केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी होती. ती जागा केंद्राला हवी होती, म्हणून हजारो कुटुंबांना उचलून इथे खाडीकाठी आणून सोडलं. त्या विस्थापितांच्या नाती आज माझ्या वर्गात आहेत. त्यांना एकदा सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणी शास्त्रज्ञ पाहिलाय?" एकीने हात वर केला. म्हणाली, "पिक्चरमध्ये."

तर गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीपासून गोवरची साथ पसरली. आमचा सगळा एम-पूर्व विभाग हादरला. बालकं दगावली. महापालिकेची माणसं घरोघरी फिरू लागली, तर दारं बंद. 'सुईने ताप येतो', 'माता आलीय, आपोआप जाईल', 'आमच्या घरात कुणाला काही होत नाही'. वर्गातल्या मुलींच्या धाकट्या भावंडांनाही लस दिलेली नव्हती. मी त्यांना समजावून सांगायला गेले. फळ्यावर लिहिलं, नऊ महिन्यांना पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. मुलींनी वहीत उतरवून घेतलं. घरी काही बदललं नाही. वहीत उतरवलेलं घरी कुठे जातं? वहीतच राहतं!

मग मला लहानपणचं आठवलं. आजी हळदीत चुना कालवून कुंकवासारखा लाल रंग काढून दाखवायची. आपल्या सगळ्यांना हे माहीत असतं, फक्त त्याला आपण विज्ञान म्हणत नाही.

सोळा मुली, सोळा काचेचे ग्लास, प्रत्येकात अर्धा ग्लास पाणी. एका ग्लासात मात्र पाण्याऐवजी चुन्याची निवळी. दिसायला अगदी पाण्यासारखीच. ती कुणाकडे आहे ते मला एकटीला ठाऊक. (निवळी डोळ्यांत जाऊ द्यायची नाही, ग्लास तोंडाला लावायचा नाही आणि शेवटी हात धुवायचे, हे आधी तीनदा बजावायचं.) मग प्रत्येकीने एक जोडीदारीण शोधायची, आपलं पाणी तिच्या ग्लासात ओतायचं, मिसळायचं आणि निम्मं परत घ्यायचं. म्हणजे आपण भेटलो, बोललो, एकीचा श्वास दुसरीने घेतला. असं तीन वेळा, दर वेळी नवी जोडीदारीण. तोपर्यंत कुणालाच काही कळत नाही, हसणं-खिदळणं चालू असतं. मग मी हळदीच्या पाण्याची वाटी घेऊन फिरते आणि प्रत्येक ग्लासात चमचाभर घालते. पिवळं राहिलं तर ठीक. लाल झालं तर गोवर.

पहिल्या दिवशी सहा ग्लास लाल झाले. खोली एकदम गप्प. मग एकच गिल्ला, "मैंने तो किसी बीमार को छुआ भी नहीं, आंटी!" मी म्हटलं, "तेच तर!" पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच गोवर झालेलं मूल दुसऱ्यांना तो देत असतं. आजारी दिसणाऱ्यापासून लांब राहिलं की झालं, हा आपला समज किती कच्चा आहे, हे त्या सहा ग्लासांनी एका मिनिटात सांगितलं.

पुढचा डाव लसीचा. मी माझ्या मते फार हुशारी केली होती. काही ग्लासांत लिंबाचा रस घातला. चुन्यात लिंबू पडलं की चुन्याचा जोर मरतो, हळद पिवळीच राहते. ही झाली लस! डाव झाला, लाल ग्लास कमी झाले, मी खूश. तेवढ्यात मागे बसणारी एक मुलगी उठली. नववीतली, फारशी न बोलणारी. म्हणाली, "आंटी, ये गलत है. माझा ग्लास आजारी होता. हिचं लिंबू माझ्यात आलं आणि मीच बरी झाले. टीका लगाए हुए से मिलकर बीमार थोड़ी ठीक होता है?"

मी बघतच राहिले. खरं होतं की! लस घेतलेल्याला भेटून आजारी माणूस बरा होत नाही. मी म्हटलं, "मग काय करू या?" तिने दप्तरातून डब्याचं झाकण काढलं आणि आपल्या ग्लासावर ठेवलं. "ज्याला लस, त्याच्यावर झाकण. तो कुणाकडून घेणार नाही, कुणाला देणार नाही." त्या दिवसापासून आमच्याकडे लस म्हणजे झाकण. (लस घेतलेल्या थोड्या जणांना तरीही गोवर होऊ शकतो, म्हणूनच दुसरा डोस असतो. एक झाकण मुद्दाम सैल ठेवायचं हेही पुढे मुलींनीच ठरवलं.)

सोळांपैकी आठ ग्लासांवर झाकण ठेवलं तर तीन लाल झाले. चौदांवर ठेवलं तेव्हा एकच, मूळचा. उरलेली उघडी मुलगी वाचली, कारण आजारी मुलीची आणि तिची गाठच पडली नाही. "ही उघडी म्हणजे कोण?" मी विचारलं. एक म्हणाली, "माझा भाऊ. चार महिन्यांचा. त्याला अजून देतच नाहीत ना लस." शंभरातल्या पंचाण्णवांना लस मिळाली पाहिजे, असं तज्ज्ञ का म्हणतात, ते मला स्वतःला त्या दिवशी नीट कळलं. वाक्य आधी शंभर वेळा वाचलं होतं.

त्या आठवड्यात किती मुलींनी घरी जाऊन आईला लसीकरणाला लावलं, याचा हिशोब मी ठेवला नाही, म्हणून छातीठोकपणे काही सांगत नाही. चार घरची दारं उघडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका घरी तर मुलीने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आईला तोच डाव करून दाखवला होता.

आता थोडी तक्रार. 'खेळातून शिक्षण' हा शब्द सध्या फार चलनात आहे. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) खेळणी आणि खेळ यांतून शिकवण्यावर भर आहे. चांगलंच आहे. पण बाजारात आणि कार्यक्रमांत जे 'आरोग्याचे खेळ' वाटतात, त्यातले बरेचसे म्हणजे सापशिडीच. 'हात धुतले', चढा शिडी. 'उघड्यावरचं खाल्लं', गिळला सापाने. सापशिडीचं आपल्याला अगत्य असणारच. आपला जुना मोक्षपट तोच, आणि तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. पाप-पुण्य शिकवायला तो पट चोख होता. पण जंतूंना पाप-पुण्य कळत नाही! सापशिडीत सगळं फाशांच्या हातात. मूल पटावरचं वाक्य वाचतसुद्धा नाही, आकडा मोजतं आणि पुढे सरकतं. शिकतं काय, तर आजार नशिबाने येतो. नेमकं हेच तर आपल्याला पुसायचंय.

दुसरी खोट जास्त बोचते. असाच एक पट आम्हाला भेट मिळाला होता. त्यात एका चौकोनात होतं, 'वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुवा'. एक मुलगी सरळ म्हणाली, "आमच्याकडे नळ नाही, आंटी. ड्रम आहे." खेळात ती सापाच्या तोंडी जाणार, आणि चूक कुणाची? तिची! आरोग्याचा खेळ मुलांना फक्त 'तू स्वच्छ राहा' एवढंच शिकवत असेल, तर तो अर्धाच झाला. पाणी किती वाजता येतं, गटार कुणी साफ करायचं, लसीचा डबा आपल्या गल्लीपर्यंत थंड कसा पोचतो, हे प्रश्न त्यात आले, तरच त्याला 'सार्वजनिक' आरोग्य म्हणायचं. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी घराघरांत जाऊन कोण कुठलं पाणी भरतं ते विचारलं, नकाशावर मृत्यू मांडले आणि बोट ठेवलं ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर. लोकांना 'हात धुवा' सांगून ते थांबले नाहीत, पंपाचा दांडा काढायला लावला.

जॉन स्नोची गोष्ट मी मुलींना सांगितली ती ग्लासांच्या तिसऱ्या डावात. त्या डावात कोण कुणाला भेटलं ते कागदावर लिहायचं, आणि लाल ग्लासांवरून उलटं मागे जात 'पहिला आजारी कोण' ते शोधायचं. गुप्तहेरगिरीच ती! अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१३ मध्ये 'सॉल्व्ह द आउटब्रेक' नावाचा असाच एक गेम काढला होता, त्यात खेळणाऱ्याने साथीचा माग काढायचा. आमच्याकडे टॅब्लेट नव्हते, पाठकोरे कागद होते. मुलींनी पहिला आजारी ग्लास दोघींवर आणून ठेवला. मी म्हटलं, "हे काम करणाऱ्यांना साथरोगतज्ज्ञ म्हणतात." झाकणवाली मुलगी लगेच म्हणाली, "इसका पगार कितना होता है?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए. झालेली मी, मला कुठे माहीत? पण प्रश्न मनात राहिला. मुलींना विज्ञान आवडतं की नाही, असं आपण विचारत बसतो. त्यांना पुढचं विचारायचं असतं. कुठे शिकायचं, किती वर्षं, किती खर्च, रोज घरी यायला जमेल का, आणि शेवटी हातात काय पडेल?

त्यावर आम्ही पत्त्यांचा खेळ केला. 'ओळखा पाहू मी कोण'. प्रत्येक पत्त्यावर एक काम, नाव मागच्या बाजूला. 'मी थुंकी तपासते, पण डॉक्टर नाही', म्हणजे लॅब टेक्निशियन. 'मी दोन ते आठ अंश सांभाळते', म्हणजे लसीची शीतसाखळी बघणारी. 'मी आकडे मोजते, सुई कधी टोचत नाही', म्हणजे संख्याशास्त्रज्ञ. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये दहातल्या जवळजवळ सहा जणींना रक्तक्षय आहे, हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. ती पाहणी ज्या संस्थेने केली ती आमच्या शेजारी देवनारलाच आहे, हे ऐकून मुलींचे डोळे विस्फारले. दर आठवड्याला शाळेत मिळणारी निळी लोहगोळी आणि हा आकडा यांचा काही संबंध असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. बहुतेकींच्या गोळ्या खिडकीबाहेर जात होत्या!

काही पत्ते माणसांचे. कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला होता, पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे पुण्याच्या, आणि भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार. ती संघटना आज वाशीला, म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडे. मुलींना हे पत्ते आवडले, पण लॅब टेक्निशियनचा पत्ता सगळ्यांत मळला. हातात जास्त वेळा तोच यायचा. मला तेच बरं वाटलं. नुसती थोर माणसं दाखवली की मुली टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

एक गोष्ट मात्र या खेळांत अजून कमी पडते, आणि ती आपल्यामुळेच. वयात येण्याचा विषय. २००७ मध्ये शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. दुसरीकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'मधून हाच विषय मुलामुलींसमोर मोकळेपणाने मांडला. लाज बाजूला ठेवता येते, हे आपल्याच राज्यात दिसलंय. माझ्या वर्गात मात्र पाळीचा पत्ता आला की आजही तो गालिच्याखाली सरकतो. मीही दर वेळी तो बाहेर काढतेच असं नाही. हे कबूल केलेलं बरं.

तुमच्या गावात हे कसं करायचं? तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे मुंबई आहे, संस्था आहेत. अहो, संस्था वीस मिनिटांवर असून आमच्या मुलींनी शास्त्रज्ञ पिक्चरमध्येच पाहिला होता! उलट तालुक्याच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्रातली लॅबवाली ताई तुमच्या ओळखीची असते. नव्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, प्रत्यक्ष काम बघण्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगतो. म्हणजे तुम्हीच! त्या दहांतला एक दिवस आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये, एक दिवस पाणीपुरवठ्याच्या टाकीवर, एवढं मागायला काय हरकत आहे? इन्स्पायर-मानक योजनेत मुलांच्या कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात. शाळेने नावं पाठवली का, तेही विचारा. पुण्याला अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची किती खेळणी केली! त्यातली बरीचशी घरातल्या काड्या, स्ट्रॉ, जुन्या बाटल्यांत बसतात.

शाळेकडून लगेच होकार येईल असं नाही. एका शाळेला आम्ही पत्त्यांचे दहा संच दिले होते. वर्षभराने गेले तर कपाटात, वरच्या प्लास्टिकसकट. बाई म्हणाल्या, "खराब होतील म्हणून ठेवलेत."

आता त्या झाकणवाल्या मुलीबद्दल सांगते. विचाराल म्हणून नाही, मला सांगावंसं वाटतं म्हणून. दहावीला तिला बरे मार्क पडले. विज्ञानातही. ती आता बारावीला आहे, कॉमर्सला. सायन्सला प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात, क्लास लावावाच लागतो, अंधारात कोण घेऊन येणार? वडिलांनी असं विचारलं आणि आईने मान खाली घातली. मी दोनदा घरी गेले. चहा मिळाला, होकार नाही. माझ्या दहावीनंतर आमच्या घरात अगदी हेच बोलणं झालं होतं. सायन्सचं कॉलेज दुसऱ्या गावी होतं, एस.टी. शेवटची सहाची. 'मुलीच्या जातीला आर्ट्स बरं.' तीस वर्षं होत आली, गाव बदललं, वाक्य तेच.

खेळ फक्त मुलींबरोबर खेळून चालणार नाही, हे मला तिथे कळलं. घरात निर्णय घेणारे तर खेळात नव्हतेच. म्हणून गेल्या वर्षी पहिल्यांदा आयांना बोलावलं. सोळा ग्लास, हळद, निवळी, झाकणं. आधी लाजल्या, मग अशा काही रंगल्या की मुलींना हटवून स्वतः कागदावर 'पहिला आजारी' शोधत बसल्या. पत्त्यांच्या खेळात एकीने विचारलं, "ये लॅबवाली का कोर्स बारहवीं के बाद कितने साल का?" या वेळी मला उत्तर ठाऊक होतं.

निघताना तीच बाई म्हणाली, "पुढच्या वेळी ह्यांनाही बसवा की!" आम्ही मनावर घेतलं. रविवारची दुपार ठरवलीय, कारण इतर दिवशी बापमंडळी कामावर असतात. आतापर्यंत सहाजण 'बघू' म्हणालेत. मी ग्लास मात्र सोळाच काढून ठेवलेत.